संध्याकाळचं एम.टेक. आणि वरच्या मजल्याची भेग

एका साइट इंजिनिअरचं पत्र असं आहे (थोडं कमी करून देतो):

«मी ३५ वर्षांचा आहे, इंदुरात सुदामानगरात राहतो. २०१२ साली इथूनच बी.ई. सिव्हिल झालो आणि तेव्हापासून साइटवर आहे. सध्या सुपर कॉरिडॉरजवळ एका बिल्डरकडे साइट इन्चार्ज आहे. माझ्याबरोबरचे दोघं एम.टेक. करून डिझाइन ऑफिसात बसले, त्यांना लोक 'सर' म्हणतात. मलाही नोकरी सांभाळून संध्याकाळचं एम.टेक. करावंसं वाटतं. स्ट्रक्चर घेऊ की कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट? मालक म्हणतात, 'करा, पण साइट सांभाळून.' आई म्हणते, मुलगी दुसरीत गेली, आता तिच्या शाळेचं बघायचं की स्वतःच्या? गणित पार विसरलोय. एका एजंटचे सारखे फोन येतात : एका वर्षात घरबसल्या एम.टेक., परीक्षासुद्धा घरूनच. पुढेमागे, पन्नाशीनंतर, कॉलेजात शिकवावं असंही मनात आहे.

खरं सांगायचं तर सध्या डोकं तक्रारींनी भरलंय. ताबा दिलेल्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर, फक्त वरच्याच, स्लॅबखाली भिंतीला आडवी भेग आणि कोपऱ्यात तिरकी. दोनदा पुट्टी भरून रंग दिला, यंदा मे महिन्यात पुन्हा उघडली. ठेकेदार म्हणतो ब्लॉक खराब, ब्लॉकवाला म्हणतो तराई (भिंतीवर पाणी मारणं) झाली नाही, कन्सल्टंट म्हणतात हे स्ट्रक्चरल नाही, काळजी करू नका. मग आहे काय, ते कोणी सांगत नाही. फ्लॅटवाले काका मात्र रोज मलाच फोन करतात.»

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पदवीबद्दल तुम्ही लिहिता तेव्हा वाक्यं दुसऱ्यांची आहेत: मित्र काय झाले, मालक काय म्हणाले, आई काय म्हणते. भेगेबद्दल लिहायला लागता आणि तिथून पत्र तुमचं होतं. «फक्त वरच्याच» हे दोन शब्द तुम्ही मुद्दाम घातले आहेत. ज्याला नुसती तक्रार मिटवायची असते तो असं लिहीत नाही. म्हणून स्ट्रक्चर की मॅनेजमेंट या प्रश्नाआधी मी त्या भेगेकडे येतो, कारण माझ्या मते तुम्ही काय शिकावं याचं उत्तर तिथेच आहे.

एएसी ब्लॉक (हवेच्या बारीक पोकळ्यांचा हलका काँक्रीट ब्लॉक) वाळताना आकसतो, हे खरं आहे. आयएस २१८५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पहिल्या प्रतीच्या ब्लॉकसाठी आकुंचनाची मर्यादा ०.०५ टक्के आहे. चार मीटरच्या भिंतीला हे दोन मिलिमीटर होतात, म्हणजे भेग पडायला पुरेसे. पण मग ती भेग तिसऱ्या मजल्यावरही पडायला हवी, पाचव्यावरही. ब्लॉक तेच, मिस्त्री तेच, तराईही साधारण तशीच. वरच्या मजल्यावर वेगळं काय आहे? डोक्यावर उघडी स्लॅब. काँक्रीट दर अंश सेल्सिअसला स्वतःच्या लांबीच्या सुमारे एक लाखांश इतकं प्रसरण पावतं. तुमची स्लॅब वीस मीटर लांब धरू आणि जानेवारीची पहाट ते मेची दुपार यांत तिच्या तापमानात तीस अंशांचा फरक धरू. गुणाकार करा: सहा मिलिमीटर. वरची स्लॅब आडवी सरकते, खालची भिंत जागची हलत नाही, आणि दोघांच्या सांध्यात आडवी भेग उघडते. ही हालचाल मधल्या भागात कमी आणि टोकाला जास्त असते, म्हणून कोपऱ्यात तिरकी. पुट्टी ही हालचाल थांबवू शकत नाही. मे आला की ती उघडणारच.

कन्सल्टंट चुकीचं बोलत नाहीत. इमारत पडणार नाही, त्यांच्या अर्थाने ते स्ट्रक्चरल नाहीच. पण हा प्रश्न उष्णतेचा आहे, आणि आपल्याकडे उष्णता हा कोणाच्याच टेबलावरचा विषय नसतो. आर्किटेक्टकडे नकाशा, कन्सल्टंटकडे सळई, ठेकेदाराकडे दर. वरच्या मजल्यावरचे काका उन्हाळ्यात घर तापतं अशीही तक्रार करत असतील, विचारून बघा. भेग आणि तापणारं घर या दोन तक्रारी नाहीत, एकच आहे. २०१८च्या इको निवास संहितेत (घरांच्या ऊर्जाबचतीची केंद्र सरकारची नियमावली) छपराच्या उष्णतावहनाला १.२ वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्विन अशी मर्यादा आहे, आणि उघड्या १५० मिलिमीटर स्लॅबचा आकडा याच्या दुपटीहून जास्त येतो. वर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि त्यावर पांढरी चायना मोझॅक (फरशीचे तुकडे) घातली तर घर थंड राहतं आणि स्लॅबही कमी सरकते. किती कमी, हे तुमच्या साइटवर कोणी मोजलेलं नाही. तो आकडा काढणं हे एका एम.टेक.च्या प्रबंधाला पुरेल असं काम आहे, आणि त्याची प्रयोगशाळा तुमच्या ताब्यात आहे.

ज्याला इंग्रजीतून बिल्डिंग इंजिनिअरिंग म्हणतात तो विषय नेमका हाच. भार, उष्णता, ओल, हवा, आवाज, उजेड आणि इमारतीतली यंत्रणा या सगळ्यांकडे एकाच इमारतीचे गुण म्हणून बघायचं. मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात या नावाची स्वतंत्र पदवी आहे. आपल्याकडे आयआयटी मद्रासच्या सिव्हिल विभागात बिल्डिंग टेक्नॉलॉजी आणि कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट ही शाखा आहे आणि अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात इमारतींच्या ऊर्जा-कामगिरीवर एम.टेक. आहे. पण घर-नोकरी सोडून तुम्ही तिकडे जाणार नाही, आणि जावं असं मी सुचवतही नाही. इंदुरात राहून जे मिळेल त्यातच हा विषय शोधायचा आहे, आणि तो शोधता येतो.

पार्क रोडवरची एसजीएसआयटीएस ही अभियांत्रिकी संस्था १९५२पासून आहे आणि नोकरी करणाऱ्यांना अर्धवेळ शिकवण्याची तिथे जुनी परंपरा आहे. यंदा कोणत्या शाखेत अर्धवेळ जागा निघतात ते भोपाळच्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या समुपदेशनाच्या सूचनेत बघा, एजंटच्या व्हॉट्सअॅपवर नाही. अर्धवेळ एम.टेक. साधारणपणे तीन वर्षांचं असतं, पूर्णवेळ दोनचं. बहुतेक ठिकाणी पदवीनंतरच्या नोकरीचा दाखला आणि मालकाचं ना-हरकत पत्र मागतात. गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन पूर्णवेळ येणाऱ्यांना महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. ते अर्धवेळवाल्यांना नसतं, त्यामुळे घरी हिशेब मांडताना ती रक्कम धरू नका.

आता निवड. तुम्हाला स्ट्रक्चरची ओढ आहे ती 'सर' या शब्दामुळे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. तेरा-चौदा वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाला मान हवासा वाटतो. तरीही स्ट्रक्चरमध्ये प्रवेश मिळाला तर डिझाइन ऑफिसात बसण्यासाठी तो घेऊ नका. त्या मित्रांनी पंचविशीत सुरुवात केली, सॉफ्टवेअरवर त्यांचा हात बसला आहे, आणि तिथे तुम्ही पुन्हा ज्युनिअर व्हाल. स्ट्रक्चर घ्यायचं ते प्रबंधासाठी: स्लॅबची तापमानातली हालचाल हा स्ट्रक्चरचा विषय म्हणून कोणताही शहाणा मार्गदर्शक मान्य करेल. कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट मिळालं तर तोच विषय दोष, दुरुस्तीचा खर्च आणि गुणवत्ता नियंत्रण या बाजूने घ्या. माझं मत विचारलंत तर दोन्ही खुले असतील तेव्हा स्ट्रक्चर, कारण मॅनेजमेंटमधलं बरंच तुम्ही साइटवर शिकला आहात, पण प्रसरण आणि ताण यांचं गणित साइटवर आपोआप येत नाही.

साइटवर आणखीही बरंच पडलेलं आहे, ते गोळा करायला लागा. क्यूबचे, म्हणजे काँक्रीटची ताकद तपासायला दाबून फोडतात त्या ठोकळ्यांचे, निकाल घ्या. आयएस ४५६प्रमाणे ३१ ते ५० घनमीटर काँक्रीटला चार नमुने, प्रत्येकात तीन क्यूब. इतकी वर्षं तुम्ही हे करत आला आहात. ते कागद फायलीत पिवळे पडत असतील. एम-२५चं (२५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीच्या काँक्रीटचं) मिक्स ठरवताना आपण प्रमाण विचलन, म्हणजे निकालांतला चढउतार, ४ धरतो आणि २५ अधिक १.६५ गुणिले ४, म्हणजे ३१.६ची लक्ष्यताकद गाठायला बघतो. तो ४ पुस्तकातला आहे. तीसेक निकाल हातात असले की स्वतःच्या साइटचं विचलन काढता येतं, आणि ते पाचच्या वर निघालं तर तुमच्या साइटवर काहीतरी ढिलं आहे एवढं कळतं; नक्की काय, ते शोधावं लागतं. तुमच्या भागातली काळी माती हा तिसरा विषय. मेमध्ये फाटते, ऑगस्टमध्ये फुगते, आणि प्लिंथ (जोतं) वर-खाली होते. रुरकीच्या सीबीआरआय या इमारत संशोधन संस्थेने अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर असलेला पायाचा खांब) विकसित केली ती अशाच मातीसाठी. प्लिंथवर चार पितळी खुणा बसवून पावसाआधी आणि पावसानंतर लेव्हल घेतली तर आपल्या माळव्यातल्या इंजिनिअरांना उपयोगी पडेल असा कागद तयार होतो. कानाडिया भागात केंद्र सरकारच्या सहा लाइटहाऊस प्रकल्पांपैकी (नव्या तंत्राने घरं बांधण्याचे प्रकल्प) एक झाला, सँडविच पॅनेलची १,०२४ घरं. १ जानेवारी २०२१ला त्याची पायाभरणी झाली तेव्हा अशा प्रकल्पांना इंजिनिअरांसाठी उघड्या प्रयोगशाळा म्हटलं गेलं होतं. तिथल्या वरच्या मजल्यावरच्या भिंती एकदा बघून या. पॅनेलच्या सांध्यांचं काय झालं आहे ते बघण्यात तुम्हाला नक्कीच रस वाटेल.

हे सगळं एकदम नाही. एक धरा. मी भेग धरली असती, कारण तिच्यामागे रोज फोन करणारा माणूस आहे. पावसाळा येतोय, तापमान पडणार आहे, भेग मिटू लागेल. आत्ताच भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा, बाजूला पेन्सिलीने तारीख लिहा. भेग जिवंत असेल तर पट्टी तडकेल. शेजारी भेगेच्या दोन्ही बाजूंना दोन खिळे ठोका आणि त्यांच्यातलं अंतर दर आठवड्याला एकाच वेळी व्हर्नियरने मोजा, सोबत स्लॅबखालचं तापमान. यंदाचा मे गेला की असं माप वर्षभर मिळत नाही.

एजंटबद्दल मी सौम्य बोलणार नाही. यूजीसीच्या २०२०च्या नियमांप्रमाणे अभियांत्रिकीची पदवी दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देता येत नाही. आयआयटींसारख्या संस्था स्वतःच्या कायद्याखाली चालतात, त्यांची गोष्ट वेगळी, पण आयआयटी एजंट ठेवत नाही. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अभिमत विद्यापीठांनी एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची अखिल भारतीय परिषद) मंजुरीवाचून पत्रद्वारे दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर निकाल दिला. २००१ ते २००५ या सत्रांतल्या विद्यार्थ्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्यांना नव्याने परीक्षा द्यावी लागली, त्यानंतरच्यांच्या रद्दच झाल्या. त्यांत नोकरी करणारी, बढती मिळालेली माणसं होती. पन्नाशीनंतर शिकवायचं मनात आहे म्हणता: एआयसीटीईच्या २०१९च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला बी.ई. आणि एम.ई. किंवा एम.टेक. दोन्ही लागतं, आणि दोहोंपैकी एकात प्रथम श्रेणी. तुमची ती श्रेणी बी.ई.ला आहे का ते बघा. नसेल तर एम.टेक.ला ती मिळवावी लागेल, आणि मग मान्यतेचा कागद स्वच्छ असणं आणखी महत्त्वाचं. त्या माणसाचा नंबर ब्लॉक करा.

«साइट सांभाळून करा» या वाक्याला मालकांकडून अर्थ काढून घ्या. स्लॅबच्या दिवशी पंप सकाळी लागतो, ट्रान्झिट मिक्सर गर्दीत अडकतात आणि फिनिशिंग रात्री आठ-नवापर्यंत चालतं. त्याच संध्याकाळी साडेपाचला वर्ग असेल तर तुम्ही कुठे असाल? हे तोंडी ठरलेलं पहिल्याच महिन्यात मोडतं. त्यामुळे ना-हरकत पत्र मागाल तेव्हा त्याचा मसुदा तुम्ही लिहून न्या. आठवड्यातले कोणते दिवस किती वाजता साइट सोडणार, त्या दिवशी स्लॅब लागली तर कोणता ज्युनिअर उभा राहणार, परीक्षेच्या दिवसांत किती रजा, आणि कंपनीच्या इमारतीतली मापं प्रबंधात वापरायला परवानगी. शेवटची ओळ विसरू नका. भेगांचे फोटो प्रबंधात जाणार म्हटल्यावर कोणताही बिल्डर दचकतो, आणि ते समजण्यासारखं आहे. इमारतीचं नाव न घालता मापं देईन, असं त्यातच लिहा. मालकांनी फी भरायची तयारी दाखवली आणि बदल्यात चार-पाच वर्षांचा बाँड मागितला, तर शक्यतो फी स्वतः भरा. एक गोष्ट त्यांच्याही फायद्याची आहे, ती सांगायला संकोच करू नका: वरच्या मजल्याची भेग कायमची बंद झाली तर पुट्टी-रंगाचा फेरा आणि ग्राहकाची नाराजी दोन्ही वाचतात. पगार मात्र पदवीमुळे वाढेल असं धरू नका. बिल्डरकडे तसं सहसा होत नाही.

गणिताची भीती खरी आहे, पण वाटते तेवढी मोठी नाही. मॅट्रिक्स, विकलन समीकरणं आणि थोडं सांख्यिकी एवढं हाताशी आलं की पहिली दोन सत्रं निघतात. चाचणी म्हणून जुलैच्या सत्रात एनपीटीईएलचा (आयआयटींची ऑनलाइन शिकवणी) बारा आठवड्यांचा एक अभ्यासक्रम घ्या, स्ट्रक्चरल अॅनालिसिसचा किंवा इमारतींच्या ऊर्जेचा. शिकणं फुकट आहे, केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची तर हजार रुपये. दर आठवड्याची गृहपाठाची मुदत पाळता येते का, ते बघा. बारा आठवडे पाळता आली तर तीन वर्षांसाठी तयारी आहे असं समजा. तीन आठवड्यांत सुटली तर प्रवेश एक वर्ष पुढे ढकला, त्यात काही बिघडत नाही. वर्गात बरोबरची मुलं बारा वर्षांनी लहान असतील, समीकरण तुमच्याआधी सोडवतील. पण सांधा कुठे चुकतो हे तुम्ही पाहिलेलं असतं. त्यांना ते सांगा, समीकरण त्यांच्याकडून घ्या. अर्धवेळ वर्गात हे चांगलं जमतं.

आईंचं बोलणं मनाला लावून घेऊ नका, आणि खोडूनही काढू नका. पण पत्रात पत्नीचं मत कुठेच नाही, हे मला खटकलं. तुमच्या मुलीचा संध्याकाळचा अभ्यास, तिचा ताप, गणपतीतली पाहुण्यांची गर्दी, आईंची औषधं, हे सगळं तीन वर्षं त्यांच्या वाट्याला जास्त येणार आहे. मालकांशी बोलण्याआधी त्यांच्याशी बोला. «मी एम.टेक. करू का» असं विचारलंत तर त्या हो म्हणतील. त्याऐवजी आठवड्याचा तक्ता समोर ठेवा आणि कोणत्या संध्याकाळी त्यांना कोणाची मदत लागेल ते दोघांनी मिळून लिहा. त्यांचं स्वतःचं काही राहिलं असेल, बी.एड., नोकरी, काहीही, तर चौथ्या वर्षापासून त्यांची पाळी, हेही त्याच कागदावर येऊ द्या. रविवारी सकाळी तुम्ही अभ्यासाला बसाल तर रविवारची संध्याकाळ मुलीची. ती वेळ वर्गाला किंवा साइटला द्यायची नाही.

अर्ज भरण्याआधी विभागात जाऊन एखाद्या प्राध्यापकांना प्रत्यक्ष भेटा. बरोबर भेगेचे फोटो, स्लॅबचा नकाशा आणि तोवरची मापं असू द्या. मला प्रवेश मिळेल का, हे त्यांना विचारायचं नाही. तीन गोष्टी विचारा: या विषयावर अर्धवेळ विद्यार्थ्याचं मार्गदर्शन कराल का, मापं साइटवर घेतलेली चालतील का, आणि गेल्या काही वर्षांतले अर्धवेळचे विद्यार्थी प्रबंध वेळेत पुरा करू शकले का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. बरेच नोकरदार पहिल्या चार सत्रांतले पेपर पास होतात आणि प्रबंधापाशी अडतात, कारण विषय शेवटी शोधायला लागतात. तुमच्याकडे विषय आधीच आहे. फोटो बघून प्राध्यापक खुर्ची पुढे ओढून «छपराला रंग कोणता आहे?» असं विचारू लागले, तर त्यांच्याकडेच जा, मग शाखेचं नाव कोणतंही असो. मापं बघायलाही तयार नसतील तर दुसऱ्या दारावर टकटक करा. प्रवेशाची मुदत संपायच्या आत दोन-तीन भेटी सहज होतील.